पाटापासून सोफ्यापर्यंत

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तहांच्या सनावळ्या आठवतात. सातवीपर्यंत शिकले, तेव्हा मीही त्याच पाठ केल्या. परंतु ज्या पाटावर बसून आपण जेवलो, ज्या पेटीत आपल्या आईने लुगडी जपून ठेवली आणि ज्या खुर्चीवर घरातील वडीलधाऱ्यांखेरीज कोणी बसत नसे, त्यांनाही इतिहास आहे. तो आपणा बायकांच्या अधिक जवळचा आहे. मंडळाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

याला कारणही तसेच आहे. हल्ली जुन्या धर्तीचे सामान घरात मांडण्याची हौस फार वाढली आहे. मोठ्या दुकानांतून झोपाळे, वेताच्या खुर्च्या, कोरीव पेटारे 'व्हिंटेज' या नावाने भारी किमतीला विकले जातात. नव्या सोफ्याशेजारी आजीचा चौरंग मांडला की घराला शोभा आली असे समजतात. इकडे आपल्या भिवंडीत मात्र जुनी लाकडी घरे एकामागून एक उतरवली जात आहेत आणि त्यांतले तेच सामान भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते आहे. तेव्हा काय ठेवावे आणि काय टाकावे याचा विचार वेळीच झालेला बरा.

आपल्या भागाला लाकडाची उणीव कधीच नव्हती. शहापूर, वाडा, जव्हार या बाजूला सागाची जंगले आणि जवळच खाडी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे येथील खाडीत आरमारासाठी जहाजे बांधण्यास आरंभ केला, हे आपण शाळेत शिकलो. जहाज बांधायचे तर लाकूड हवे आणि ते घडवणारा सुतारही हवा. अशा मुलखात घराच्या तुळया, खांब, दारे आणि माळे सागवानाचे असावेत यात नवल नाही. (वाडा आणि जव्हार हे तालुके २०१४ सालापासून नव्या पालघर जिल्ह्यात गेले आहेत.)

मात्र घर एवढे लाकडाचे असूनही आत सामान थोडेच असे. आपली जुनी राहणी जमिनीलगतची. बसायला सतरंजी, लोड व तक्के, जेवायला पाट, देवाला चौरंग, भिंतीत कोनाडा व फडताळ, कपडे टांगायला खुंटी. स्वयंपाकघरात जाते, पाटा-वरवंटा आणि मडक्यांची उतरंड. ओटीवर किंवा माजघरात झोपाळा. शेजारच्या कोकणी मुसलमान घरांतून तखतपोस असे. विणकरांच्या घरी तर माग हेच सर्वांत मोठे सामान. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून बरेच मोमीन विणकर इकडे येऊन स्थायिक झाले. त्यांच्या घरात आधी हातमागाची जागा ठरायची आणि उरलेल्या जागेत संसार मांडायचा. १९३० नंतरच्या काळात येथे यंत्रमाग आले, ते वाढले आणि माग घरातून निघून कारखान्यात गेला.

खुर्ची ही आपल्याकडची नव्हे. तिचे नावच मुळी अरबी 'कुर्सी'वरून आले आहे. अलमारी हा शब्द पोर्तुगिजांचा, टेबल इंग्रजांचे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचे नक्षीदार सोफे व खुर्च्या घडवणारे कुशल कारागीर होते. त्यांची घडण साहेबाच्या पसंतीची असली तरी नक्षी आपल्या वेलबुट्टीची असे. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या हलक्या खुर्च्या आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिल्या असतील. त्या प्रकारची सर्वांत प्रसिद्ध खुर्ची १८५९ साली युरोपातील मायकेल थोनेट यांच्या कारखान्याने काढली. लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचे, सुटे भाग पेटीत भरून बोटीने पाठवायचे आणि पोहोचल्यावर स्क्रूने जोडायचे, अशी ती युक्ती. सुटे भाग घरी आणून जोडण्याचे फर्निचर आज नवे वाटते, पण त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली.

अशा रीतीने खुर्ची आली, पण ती घरात सर्वांसाठी आली नाही. ओटीवरची आरामखुर्ची सासऱ्यांची किंवा घरच्या कर्त्या पुरुषाची. सुनेने तिच्यावर बसणे दूरच, ती दाराआडून बोलत असे. पाटावर बसण्याची तिची पाळीसुद्धा सर्वांची जेवणे उरकल्यावर येई. झोपाळ्यावर टेकायचे ते घरात पुरुषमाणूस नसताना. घरातल्या बाईला हक्काची बाज मिळे ती बाळंतपणात, खाली शेगडी ठेवून शेकण्यापुरती. ते दिवस संपले की बाज उभी करून ठेवत आणि ती पुन्हा जमिनीवर. कोणी कुठे बसावे यावरून घरात कोणाची किती किंमत आहे ते परक्यालाही कळत असे.

म्हणूनच १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली आणि रमाबाई रानडे अध्यक्षस्थानी बसल्या, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आज आपल्या मंडळाच्या सभेत साधी लोखंडी घडीची खुर्ची उघडून आपण सहज बसतो. त्या सहजपणासाठी आपल्या आधीच्या बायकांना पुष्कळ सोसावे लागले आहे.

पुढे लोखंडी कपाटाचा काळ आला. गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला आणि १९२३ पासून पोलादी कपाटे करण्यास सुरुवात केली. त्याआधी बाईची स्वतःची कुलपाची जागा म्हणजे माहेरून आलेली पेटी. कपाट आले आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला लागला. ही चांगली बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, तेच कपाट, पलंग आणि आरशाचे टेबल लग्नाच्या यादीत शिरले. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी "आम्हाला काही नको, मुलीला काय द्यायचे ते द्या" असे म्हणून टेम्पो भरून सामान घेणारी घरे संपली नाहीत. नव्या घरात शोभणाऱ्या कित्येक कपाटांमागे कोणा बापाचे कर्ज आहे. फर्निचरचा इतिहास सांगताना हे वगळले तर तो खोटा होईल.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला दूरदर्शन सुरू झाले आणि बैठकीच्या खोलीचे तोंडच फिरले. पूर्वी सर्वजण एकमेकांकडे तोंड करून बसत, आता पेटीकडे. त्या पेटीला सरकत्या दाराचे लाकडी घर, त्यावर भरतकामाचा रुमाल, शेजारी काचेच्या शोकेसमध्ये बाहुल्या. त्याच सुमारास स्वयंपाकाचा ओटा उभा झाला. मला विचाराल तर सगळ्या फेरबदलांत हाच बाईच्या खऱ्या उपयोगाचा. धुरात उकिडवे बसून पाठ आणि डोळे घालवण्याचे तिचे दिवस त्याने संपवले.

आता आजच्या हौसेकडे वळू. मानकोली, वळ, पूर्णा, काल्हेर येथील गोदामांतून देशभर माल जातो, त्यात फर्निचरही आहे. त्यातले पुष्कळसे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे असते. दिसायला गुळगुळीत, पण पाणी लागले की फुगते. जुलै २००५ च्या पुरात ज्यांच्या घरी पाणी शिरले त्यांना हे सांगायला नको. जुने सागवान मात्र पुसून, सावलीत वाळवून पुन्हा उभे राहते. म्हणून घर उतरवताना सामान वजनावर देण्याआधी एकदा सुताराला दाखवावे. खिळा न मारता लाकूड लाकडात बसवून केलेले सांधे असतील तर ती वस्तू ठेवण्यासारखी समजावी. झोपाळा ठेवायचा असेल तर नव्या घराचा स्लॅब पडण्याआधीच कड्यांसाठी आकडे टाकायला सांगावे. जुन्या दाराचे टेबल होते, पेटाऱ्यावर गादी टाकली की बैठक होते. नवीन घ्यायचेच असेल तर सावंतवाडीचे लाखकाम किंवा गुजरातेतील संखेड्याचे खरादावर केलेले रंगीत सामान घ्यावे, म्हणजे कारागिराच्या पोटाला मिळते.

पुण्यास गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य पाहा. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने ते उभारले आणि १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केले. त्यांच्या पत्नी कमलाबाईंचाही या कामात मोठा हात होता. तेथे दिवे, अडकित्ते, फणीपेट्या, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तू मानाने मांडल्या आहेत. आपल्या आज्यांच्या हाताखालच्या वस्तू काचेत पाहिल्या म्हणजे त्यांच्या श्रमांची किंमत कळते.

सारांश, जुने सामान घरात जरूर आणावे. पाट आणावा, झोपाळा आणावा, पितळेचे घंगाळ घासून दारात ठेवावे. पण त्या सामानाबरोबर जुनी उतरंड आणू नये, म्हणजे कोण वर आणि कोण सर्वांत खाली ही माणसांची उतरंड. आरामखुर्ची ओटीवर मांडली तर दिवसभर राबून दमलेल्या सुनेलाही तिच्यावर पाठ टेकता आली पाहिजे. एवढे आपल्या मंडळातल्या घरांतून झाले, तरी ती खुर्ची जपल्याचे सार्थक होईल.