सेप्सिस : ‘इन्फेक्शन रक्तात गेलं’ म्हणजे नेमकं काय?

घरातलं माणूस चार-पाच दिवसांच्या आजारात गेलं की नातेवाईक सांगतात, ‘इन्फेक्शन रक्तात गेलं होतं.’ अनेकदा या आजाराचं नाव सेप्सिस असतं. पण ते बऱ्याच कुटुंबांना माणूस गेल्यावरच कळतं.

सेप्सिस म्हणजे काय?
जंतुसंसर्ग झाला की शरीर त्याच्याशी लढतं. ही लढाई हाताबाहेर गेली की शरीराची प्रतिक्रियाच फुफ्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू अशा अवयवांना इजा करू लागते. रक्तदाब खूप खाली गेला, तर त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. २०१७ मध्ये जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी संबंधित होते, असा अंदाज आहे. म्हणजे जवळपास दर पाचवा मृत्यू.

सुरुवात कुठून होते?
न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पोटातला संसर्ग, बाळंतपण किंवा साधी जखम. साकीनाक्यासारख्या भागात छोट्या कारखान्यांत पत्र्याने हात कापणं नवीन नाही. खाडा नको म्हणून जखमेला फडकं बांधायचं, ताप अंगावर काढायचा, मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या. धोका इथेच वाढतो. लहान बाळं, वृद्ध, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, मधुमेही यांना तो अधिक असतो.

कोणती लक्षणं ओळखाल?
- श्वास जोरजोरात चालणं, धाप लागणं
- असंबद्ध बोलणं, गुंगी
- खूप ताप किंवा उलट अंग गार पडणं
- लघवी फार कमी होणं
- त्वचा फिकट, निळसर किंवा डागाळलेली दिसणं
- तान्ह्या बाळाने दूध सोडणं, रडणं क्षीण होणं, अंग सैल पडणं

संसर्ग असताना यातलं काही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा तातडीच्या विभागात जा. साकीनाक्याहून घाटकोपरचं राजावाडी हे महापालिकेचं रुग्णालय जवळ आहे. डॉक्टरांना थेट विचारा, ‘हा सेप्सिस असू शकतो का?’

घाई का?
योग्य अँटिबायोटिक, सलाईन आणि गरजेप्रमाणे ऑक्सिजन लवकर मिळाला, तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. सेप्टिक शॉकची शंका असेल, तर पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक द्यावं, असं तज्ज्ञ सांगतात.

लवकर ओळखण्याने काय साधतं, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळांमधला सेप्सिस ओळखायला आणि घरीच उपचार द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. त्या मोठ्या डॉक्टर नव्हत्या. काय पाहायचं, हे त्यांना माहीत होतं.

तुम्ही काय करू शकता?
जखम लगेच साबण-पाण्याने धुवा. लसी वेळेवर घ्या. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेऊ नका. दरवर्षी १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन असतो, पण ही लक्षणं घरच्या ग्रुपवर पाठवायला त्या तारखेची गरज नाही.

ज्यांच्या घरातलं माणूस असं गेलं, त्यांना ‘आधी का नाही कळलं?’ हा प्रश्न छळतो. सुरुवातीला सेप्सिस साध्या तापासारखाच दिसतो. तो ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. दोष त्यांचा नाही. पुढच्या घराला मात्र हे नाव वेळेत कळायला हवं.