पांढरा चहा : जुनी ओळख, नवा प्रश्न

"डॉक्टर, पांढरा चहा सुरू करू का? वजन उतरतं म्हणे." जळगाव-धुळ्याकडचे पेशंट हल्ली असे विचारतात. आधी त्याचा इतिहास पाहू.

पांढरा, हिरवा, काळा हे तिन्ही चहा एकाच झाडाचे. पांढऱ्यासाठी कोवळे, लव असलेले कोंब खुडून फक्त सुकवतात. मळत नाहीत, भाजत नाहीत. चंदेरी लवेमुळे हे नाव. चीनच्या सम्राट हुइझोंगने बाराव्या शतकात आपल्या चहाविषयीच्या ग्रंथात पांढऱ्या चहाला पहिला मान दिला. तो मात्र दाबून वड्या केलेला चहा होता. आजचा सुटा पांढरा चहा फुजियान प्रांतात पुष्कळ नंतर रूढ झाला.

आपल्याकडे इंग्रजांच्या मळ्यांतला काळा चहा आला आणि दूध-साखरेत उकळू लागला. १९३६ साली आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला आलेल्या गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात चहातल्या टॅनिनबद्दल इशारा आहे.

तो आजही लक्षात ठेवा. चहातली अशी द्रव्ये भाकरी-भाजीतले लोह अंगी लागू देत नाहीत. हिमोग्लोबिन कमी असलेल्या भगिनींनी जेवणानंतर तासभर कोणताच चहा घेऊ नये, पांढराही नाही.

पांढऱ्या चहाने वजन किंवा शुगर उतरते, याला भक्कम पुरावा नाही. त्याचा खरा फायदा म्हणजे त्यात साखर नसते. तो फायदा घरच्या बिनसाखरेच्या चहातही फुकट मिळतो. गोळ्या मात्र बंद करू नका.