रूट ६६ (मोहावी वाळवंट)

रूट ६६ हा शिकागो व सांता मोनिका यांना जोडणारा, १९२६ साली स्थापन झालेला अमेरिकेतील ऐतिहासिक महामार्ग होय. त्याचा कॅलिफोर्नियातील नीडल्स ते बारस्टो हा भाग मोहावी वाळवंटातून जातो. १९३०च्या दशकात दुष्काळ व धुळीच्या वादळांमुळे विस्थापित झालेली शेतकरी कुटुंबे उष्णता टाळण्यासाठी हे वाळवंट बहुधा रात्री ओलांडत. वाटेवरील अँबॉय गाव प्रवाशांना लागणारे पेट्रोल, भोजन व मुक्काम यांवर जगत असे. १९७३ मध्ये आंतरराज्य महामार्ग ४० खुला झाल्यावर वाहतूक तिकडे वळली व गाव जवळजवळ ओस पडले. १९८५ मध्ये रूट ६६ अधिकृत महामार्गांतून वगळण्यात आला. हा पट्टा मोटारीने एका दिवसात पाहता येतो. मात्र पुराने जुने लाकडी पूल खचल्यास काही भाग बंद ठेवावे लागतात.