झिंगे, काकडी आणि बाळापूर

वऱ्हाडी जेवण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ठरलेल्या चार गोष्टी येतात. ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी तर्री. मासळीचं नाव त्यात नसतंच. मुंबईचा समुद्र बाळापूरपासून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, मग मासे खाणार कुठून? असं साधं-सोपं गणित असतं. पुण्यात आल्यापासून हे गणित मला इतक्या जणांनी सोडवून दाखवलंय, की आता मी वाद घालत नाही, सरळ जेवायलाच बोलावतो :) आज विकांत आहे, वेळही आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी शब्दापासून सुरुवात करू. कोकणात कोलंबी म्हणतात, आमच्याकडे झिंगे. हिंदीतही झिंगाच. बंगालीत चिंगडी, आणि संस्कृत कोशांत चिंगट असा शब्द सापडतो. म्हणजे समुद्रापासून लांब राहणाऱ्या लोकांकडेही या प्राण्याला स्वतःचं नाव आहे. जी गोष्ट माहीतच नाही तिला कोणी घरचं नाव ठेवत नाही. आणि झिंगा हा काही फक्त समुद्रातला जीव नव्हे. गोड्या पाण्यातले झिंगे नद्यांत आणि तळ्यांत मुबलक असतात. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांत ढिवर समाज ते पिढ्यान्‌पिढ्या धरत आलाय.

बाळापूर तर दोन नद्यांच्या मध्ये वसलेलं गाव. मन आणि म्हैस. (नावं अशी की नवख्या माणसाला आपली कुणीतरी थट्टा करतंय असं वाटतं.) किल्ला बरोबर या दोन नद्यांच्या बेचक्यात, उंचवट्यावर. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने तो बांधायला घेतला आणि एलिचपूरच्या नवाबाने, इस्माईलखानाने, १७५७ साली पुरा केला. पावसाळ्यात पूर आला की किल्ल्याला तीन बाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. मन नदी पुढे पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. तेव्हा नकाशा नीट बघितला तर समुद्र आमच्यापासून तोडलेला नाही, पाण्याने जोडलेलाच आहे. पहिल्या पुरानंतर नदीत जाळी पडायची आणि भोई मंडळींच्या बायका झिंगे टोपलीत घालून गल्लीत विकायला यायच्या, हे आमच्या आजीनं सांगितलेलं.

आता जरा मागे जाऊ. अकबराने १५९६ मध्ये वऱ्हाड घेतलं. शहाजादा मुराद बाळापूरपासून सहा कोसांवर तळ देऊन राहिला आणि त्या तळाचंच शाहपूर नावाचं गाव झालं. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त नरनाळा सरकारात बाळापूरचं नाव आहे. तो लिहितो की गावाजवळ दोन ओढे आहेत आणि त्यांच्या काठी रंगीबेरंगी सुंदर दगड सापडतात. दगडांची नोंद आहे, झिंग्यांची नाही. असो, बादशहाच्या चिटणिसाला गारगोट्या दिसल्या, टोपल्या दिसल्या नाहीत.

पण त्याच ग्रंथात एक दुसरी, फार कामाची गोष्ट आहे. अबुल फजलने शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची कृती मापांसकट दिलेली आहे. मांसाशिवायचे, मांस आणि भाताचे, मांस आणि मसाल्याचे, असे तीन गट. तूप किती, कांदा किती, आलं किती, मिरी-लवंग-दालचिनी किती, सगळं शेर-दामात. आमच्या धंद्यात ज्याला स्पेसिफिकेशन म्हणतात तसंच, फक्त आमच्यापेक्षा जास्त व्यवस्थित. त्या सगळ्या यादीत मिरची नाही! तिखटपणासाठी मिरी आणि आलं. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांत बसून गोव्याच्या बाजूने आली आणि हळूहळू आत शिरली. म्हणजे मुराद बाळापूरजवळ राहत होता तेव्हा त्याच्या ताटात आजच्या अर्थाने 'वऱ्हाडी तिखट' असणं जवळजवळ अशक्यच. आपण ज्याला मूळ, अस्सल, परंपरागत म्हणून छाती फुगवतो, ती तर्री फार तर तीनशे-साडेतीनशे वर्षांची असणार.

शेंगदाण्याचंही तेच. भुईमूगही अमेरिकेतलाच. आपल्याकडे तो सगळीकडे पसरला तो एकोणिसाव्या शतकात. त्याआधी वऱ्हाडात तीळ, जवस, कारळ यांचं राज्य होतं आणि चटण्यांमध्ये ते अजून टिकून आहे. हिंग अफगाणिस्तान-इराणकडचा. म्हणजे दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि हिंगाची फोडणी घातलेली आपली 'खमंग काकडी' घेतली, तर त्या वाडग्यात खरी इथली कोण? काकडीच. काकडीचा रानटी पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी अजूनही उगवतो, कडूजहर फळांचा. ऋग्वेदातल्या मृत्युंजय मंत्रात देठापासून सहज सुटणाऱ्या फळाची जी उपमा आहे, तिथला 'उर्वारुक' हा शब्दही याच काकडीवर्गातला मानतात. संस्कृतातली कर्कटी ती मराठीत काकडी झाली. पावसाळ्यात कपाशीच्या ओळींमधून वाळकं शोधून, फडक्याला पुसून तिथल्या तिथे खाल्लेल्या माणसाला हे व्युत्पत्तीशास्त्र सांगायची गरज नाही म्हणा.

इतिहासाच्या पुस्तकात बाळापूर येतं ते दोनदा. एकदा मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छत्रीमुळे (पुरंदरच्या तहाचे तेच जयसिंग, १६६७ साली बुऱ्हाणपूरला वारले) आणि दुसऱ्यांदा १७२० च्या लढाईमुळे. ती लढाई ऐन पावसाळ्यात झाली. निजामुल्मुल्काने सय्यद बंधूंच्या बाजूच्या आलमअली खानाला इथे हरवून मारलं. मराठ्यांची फौज आलमअलीच्या बाजूला होती. पुढे हैदराबादचं राज्य उभं राहिलं त्याचा पाया या चिखलात पडला म्हणायला हरकत नाही. कोण कोणत्या हत्तीवर होतं हे इतिहासकार रंगवून सांगतात. पण पावसाळ्यात त्या हजारो माणसांच्या पोटात काय जात होतं, हे मला त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

समुद्रातला झिंगा बाळापुरात आला तो मात्र सुकून. सुकट! इथे जरा थांबतो, कारण हा भाग मला सगळ्यात आवडतो. मुंबई, पालघर, रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत जवळा नावाचा अगदी बारीक झिंगा ढिगांनी मिळतो. तो इतका लहान की मीठ न लावता नुसता उन्हात पसरला तरी वाळतो. ओल्या जवळ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. ते उडालं की हलका, टिकाऊ, पोत्यात भरता येणारा माल तयार. बर्फ नको, घाई नको. मोठे झिंगे सोलून वाळवले की त्यांचे सोडे होतात. ते महाग, म्हणून आमच्याकडे जास्त चालली ती सुकटच, आणि सोबत बोंबील.

आणि ही पोती वाहून आणायला रस्ता तयार झाला तो कापसामुळे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण आली. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होतंच. जीआयपी रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगाव आणि अमरावतीला तर निव्वळ कापसासाठी फाटे काढले. बाळापूरला स्टेशन मिळालं नाही, जवळचं म्हणजे पारस. बैलगाडीच्या काळात त्या आठ-दहा किलोमीटरने गावाचं नशीब बदललं असं जुनी माणसं म्हणतात, आणि मला ते पटतं. बाळापूरचा कागद, सतरंज्या, सगळा जुना बाजार मागे पडला आणि अकोला पुढे गेलं. पण कापसाच्या गाठी घेऊन मुंबईला जाणारी तीच लाइन परत येताना काहीतरी घेऊन येणारच. मीठ, नारळ, खारीक, आणि माझा कयास असा की सुकटीची पोतीसुद्धा. आजही वऱ्हाडातल्या कुठल्याही आठवडी बाजारात जा, एका कडेला सुकट-बोंबलाचे ढीग असतात. वास आधी येतो, दुकान नंतर दिसतं.

पण कडेलाच का? हा प्रश्न मला लहानपणी पडला नव्हता, आता पडतो. आमच्या घरी सुकट शिजायची ती मागच्या अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या कढईत. ती कढई घरातल्या भांड्यांत मिसळायची नाही. खाणारे सगळे, पण बोलायचं कुणी नाही. स्वयंपाकाची पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी ही दुसरी कढई नव्हती किंवा तिच्याबद्दल लिहायची पद्धत नव्हती. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० च्या 'गृहिणी-मित्र'मध्ये मासळी आहे, कारण त्या पाठारे प्रभू, मुंबईच्या. आतल्या मुलखातल्या गरिबाच्या, दलिताच्या, भोयाच्या चुलीवर काय होतं ते छापून यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ चं आहे, तेही मराठवाड्याबद्दल. वऱ्हाडचं तसं पुस्तक कुणीतरी लवकर लिहायला हवं, कारण ज्यांना आठवतं त्यांची वयं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

बाळापुरात आणखी एक गंमत. गावात मुसलमान वस्ती मोठी, आणि वऱ्हाडातले बहुतेक मुसलमान हनफी. हनफी फिकहप्रमाणे पाण्यातलं फक्त मासा या जातीचं खाणं चालतं. मग झिंगा हा मासा की नाही? यावर मोठमोठ्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही म्हणतात चालतो, काही म्हणतात टाळावा. कोकणी मुसलमान शाफई, त्यांना समुद्रातलं सगळंच चालतं, त्यामुळे त्यांचा प्रश्नच मिटला. जीवशास्त्र विचाराल तर झिंगा मासा नाही, खेकड्याचा भाऊबंद. पण झिंग्याची टोपली दारात आली की ही चर्चा कितपत चालत असेल हे तुम्हीच ठरवा.

पुण्यात हा प्रश्न वेगळ्याच रूपात भेटतो. एका घरमालकांनी फ्लॅट दाखवून झाल्यावर विचारलं, "नॉनव्हेज?" मी म्हटलं कधीकधी. "चिकन चालेल हो, पण मासळी नको, सुकी तर मुळीच नको." म्हणजे प्राणी मारण्याला हरकत नाही, वासाला आहे. तो फ्लॅट मी घेतला नाही. भाडं बरंच कमी होतं, तरीही.

तर आता कृती. ताजे झिंगे हल्ली पुण्यात कुठेही मिळतात. पण बहुतेक ते समुद्रातले नसतात, आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेले वनामी जातीचे असतात. ही जात मूळची पॅसिफिकच्या अमेरिकन किनाऱ्यावरची, भारतात तिला २००९ च्या सुमारास परवानगी मिळाली. मिरचीसारखीच पाहुणी. पाव किलो सोललेले झिंगे घ्या, पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा, मीठ-हळद लावून ठेवा. लोखंडी कढईत तेल चांगलं तापवा. जिरं, ठेचलेला लसूण भरपूर, बारीक कांदा. कांदा लाल झाला की तिखट (भिवापुरी मिरचीचं मिळालं तर सोनं), धणेपूड आणि भाजून वाटलेलं सुकं खोबरं-खसखस. मसाल्याला तेल सुटेपर्यंत घाई करू नका. घाई करायची ती पुढे.

झिंगे सगळ्यात शेवटी टाका, मोठ्या आचेवर, आणि तीन मिनिटांत गॅस बंद. झिंग्याच्या मांसात चिवट तंतू फार कमी असतात, त्यामुळे मटणासारखं शिजवत ठेवून ते मऊ होत नाही, उलट प्रथिनं आवळत जाऊन रबर होतं. आणि रंग हाच टायमर. कच्च्या झिंग्यातला ॲस्टॅक्झँथिन नावाचा लाल रंग एका प्रथिनाने धरून ठेवलेला असतो, म्हणून तो करडा दिसतो. उष्णतेने ते प्रथिन उलगडलं की लाल रंग सुटतो. सगळे झिंगे लालसर झाले आणि अर्धगोलात वळले की उतरवायचे. पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे तुम्ही फोनवर बोलत होतात.

सुकट असेल तर आधी कोरड्या तव्यावर खमंग भाजायची, मग दोन-तीन पाण्यांतून धुवायची. किनाऱ्याची वाळू येते हो त्यात! आजीचा फोनवरचा पहिला प्रश्न अजून हाच असतो, "धुतली नाई का रे चांगली?" मग पिळून वरच्याच मसाल्यात, खोबरं मात्र न घालता. वांग्याच्या फोडी घातल्या तर एक वाटी सुकट चार माणसांना पुरते. ती याच हिशेबानं खाल्ली जायची.

कोशिंबिरीला काकडी किसायची नाही, चोचवायची. म्हणजे हातात धरून सुरीने उभ्या चिरा द्यायच्या आणि मग आडवं कापायचं. किसलेली काकडी लगेच पाणी सोडते, चोचवलेली कुरकुरीत राहते. देठाचं टोक कापून घासून फेस काढायची पद्धत घरोघरी आहे. कडू द्रव्य देठाकडे जास्त असतं हे खरं, पण काम होतं ते टोक कापल्याने. घासणं ही आपली भक्ती. दाण्याचं जाडसर कूट, दोन चमचे दही, चिमूटभर साखर, वरून हिंग-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. मीठ पानं वाढताना घाला, आधी घातलंत तर पाच मिनिटांत वाडग्यात मन नदीला पूर येतो.

भाकर मात्र गरम हवी. ती जमत नसेल तर सरळ भात लावा, झिंग्यांसोबत तोही चालतो. आणि कढई वेगळी ठेवू नका.