कालबाह्य संगणक प्रणालीवर डिजिटल कॅमेऱ्याचा वापर

कालबाह्य संगणक प्रणालीवर डिजिटल कॅमेऱ्याचा वापर म्हणजे निर्मात्या कंपनीने सुधारणा व सुरक्षा-अद्यतने देणे थांबवलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या साहाय्याने डिजिटल कॅमेऱ्यातील छायाचित्रे संगणकावर उतरवणे, पाहणे, संपादित करणे व जतन करणे होय. कॅमेरा आणि संगणक यांच्यातील संवाद प्रामुख्याने चार गोष्टींवर अवलंबून असतो: जोडणीचे माध्यम, संवादाची पद्धत, मेमरी कार्डावरील फाइल प्रणाली आणि छायाचित्राच्या फाइलचे स्वरूप. या चारपैकी एक गोष्ट जरी जुन्या प्रणालीला अपरिचित असली, तरी छायाचित्रे संगणकावर येत नाहीत किंवा आली तरी उघडत नाहीत. काही प्रसंगी चुकीच्या हाताळणीमुळे कार्डावरील मूळ छायाचित्रे कायमची नष्ट होण्याचा धोकाही संभवतो.

== पार्श्वभूमी ==

संगणक प्रणाली आणि कॅमेरा यांचे आयुष्यमान सारखे नसते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणलेल्या विंडोज ९८ या प्रणालीचा आधार ११ जुलै २००६ रोजी थांबवला. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपल्यावर प्रणाली बंद पडत नाही. मात्र त्यानंतर बाजारात आलेल्या उपकरणांसाठी कॅमेरा कंपन्या हळूहळू त्या प्रणालीचे ड्रायव्हर व सॉफ्टवेअर देणे थांबवतात.

असे असूनही जुन्या प्रणाली वापरात राहतात. प्रयोगशाळेतील एखादे यंत्र, जुना स्कॅनर किंवा छपाईयंत्र केवळ जुन्याच प्रणालीवर चालते. विकत घेतलेले सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही. किंवा नवा संगणक घेण्याचा खर्च परवडत नाही, अशी त्याची कारणे असतात.

== जोडणीच्या माध्यमांचा विकास ==

सुरुवातीचे ग्राहकोपयोगी डिजिटल कॅमेरे संगणकाच्या सिरियल पोर्टला जोडले जात. ॲपल कंपनीचा १९९४ मधील क्विकटेक १०० आणि कॅसिओ कंपनीचा १९९५ मधील क्यूव्ही-१० ही त्याची ठळक उदाहरणे होत. क्विकटेक १०० मध्ये ६४० × ४८० बिंदूंची केवळ ८ छायाचित्रे मावत. सिरियल पोर्टचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला १,१५,२०० बिटपर्यंत असे. त्या वेगाने एक मेगाबाइटची फाइल उतरवण्यास सुमारे दीड मिनिट लागते.

या संथपणावर उपाय म्हणून सोनी कंपनीने १९९७ मध्ये माविका मालिकेतील एफडी५ आणि एफडी७ हे कॅमेरे आणले. ते छायाचित्रे थेट साडेतीन इंची फ्लॉपीवर जेपेग स्वरूपात नोंदवत. त्यामुळे फ्लॉपी वाचू शकणाऱ्या कोणत्याही संगणकावर विशेष ड्रायव्हरशिवाय छायाचित्रे उघडता येत. याच काळात स्मार्टमीडिया कार्ड फ्लॉपीच्या आकाराच्या खोक्यात घालून फ्लॉपी ड्राइव्हमधून वाचण्याची फ्लॅशपाथ ही युक्तीही प्रचलित होती. तिला मात्र स्वतंत्र ड्रायव्हर लागत असे.

यूएसबी या माध्यमाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये, १.१ ही आवृत्ती १९९८ मध्ये आणि २.० ही आवृत्ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. यूएसबी १.१ चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, तर यूएसबी २.० चा ४८० मेगाबिट आहे. नवा कॅमेरा किंवा कार्ड रीडर जुन्या यूएसबी १.१ पोर्टला जोडल्यास तो चालतो, परंतु जुन्याच वेगाने. प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे एक मेगाबाइट हा वेग धरल्यास ३२ गिगाबाइटचे भरलेले कार्ड रिकामे करण्यास जवळजवळ नऊ तास लागतात.

== संवादाच्या पद्धती ==

यूएसबीने जोडलेला कॅमेरा संगणकाशी मुख्यतः दोन पद्धतींनी बोलतो.

मास स्टोरेज पद्धतीत कॅमेऱ्यातील कार्ड संगणकाला एखाद्या बाह्य ड्राइव्हसारखे दिसते. वापरकर्ता त्यातील फोल्डर उघडून फाइल नेहमीप्रमाणे नकलून घेऊ शकतो. कार्डावरील फाइल प्रणाली समजून घेण्याची जबाबदारी या पद्धतीत संगणकावर असते.

चित्र हस्तांतरण शिष्टाचार अर्थात पीटीपी या पद्धतीत कॅमेरा ड्राइव्ह म्हणून दिसत नाही. संगणक कॅमेऱ्याकडे छायाचित्रांची यादी मागतो आणि कॅमेरा एकेक छायाचित्र पाठवतो. ही पद्धत २००० मध्ये प्रमाणित झाली व पुढे आयएसओ १५७४० या मानकात समाविष्ट झाली. कार्ड कोणत्या फाइल प्रणालीत आहे हे संगणकाला ठाऊक असण्याची येथे गरज नसते. मात्र संगणकाला पीटीपीची भाषा येणे आवश्यक असते.

निकॉन डी७० यांसारख्या काही कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये या दोन्हींपैकी एक पद्धत निवडण्याची सोय होती. कॅनॉनच्या ईओएस मालिकेतील बहुतेक कॅमेरे मात्र ड्राइव्ह म्हणून दिसत नाहीत. म्हणून जुन्या संगणकाला कॅमेरा ओळखता येत नसेल, तर सर्वप्रथम कॅमेऱ्याच्या मेनूमधील यूएसबीची निवड तपासली जाते.

== प्रणालीनिहाय स्थिती ==

विंडोज ९५ आणि विंडोज एनटी ४.०: विंडोज ९५ च्या केवळ उत्तरकालीन आवृत्त्यांत यूएसबीला मर्यादित आधार होता, विंडोज एनटी ४.० मध्ये तो नव्हता. या प्रणालींवर फ्लॉपी, सिरियल पोर्ट किंवा लॅपटॉपच्या पीसीएमसीआयए खाचेत बसणारा कॉम्पॅक्टफ्लॅश अडॅप्टर हेच व्यवहार्य मार्ग ठरतात.

विंडोज ९८: या प्रणालीत यूएसबी आहे, परंतु मास स्टोरेज उपकरणांसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर नाही. प्रत्येक कॅमेरा किंवा कार्ड रीडरसाठी निर्मात्याचा स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो. तो सीडीवरून आधी बसवून मगच केबल जोडावी, अशी सूचना कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत सामान्यतः दिलेली असे. केबल आधी जोडल्यास प्रणाली उपकरणाची नोंद ‘अज्ञात’ म्हणून करू शकते आणि ती नोंद काढून टाकल्याशिवाय योग्य ड्रायव्हर बसत नाही. पुढील काळात हौशी तंत्रज्ञांनी विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी सर्वसाधारण ड्रायव्हरचे अनधिकृत संच तयार केले.

विंडोज एमई आणि विंडोज २०००: या दोन्ही प्रणाली २००० मध्ये आल्या आणि दोन्हींत मास स्टोरेजसाठी अंगभूत ड्रायव्हर आहे. विंडोज २००० वर केवळ पीटीपीने बोलणारा कॅमेरा निर्मात्याच्या सॉफ्टवेअरशिवाय चालत नाही.

विंडोज एक्सपी: मास स्टोरेज आणि पीटीपी या दोन्ही पद्धती या प्रणालीत अंगभूत आहेत. यूएसबी २.० चा आधार २००२ मधील पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये आला. त्यामुळे आधार संपूनही कॅमेऱ्याशी संवाद साधण्यात ही प्रणाली तुलनेने सक्षम आहे. तिच्या अडचणी प्रामुख्याने मोठी कार्डे, नवी फाइल स्वरूपे आणि सुरक्षा यांबाबत आहेत.

मॅक आणि लिनक्स: मॅक ओएस ९ मध्ये यूएसबी साठवण उपकरणांना आधार होता. मॅक ओएस टेनमधील इमेज कॅप्चर हा प्रोग्राम कॅमेऱ्यातून थेट छायाचित्रे घेतो. लिनक्समध्ये जीफोटो या मुक्त प्रकल्पाने अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांचे स्वतंत्र शिष्टाचार उलगडून एकत्र आणले. त्यामुळे निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेले कॅमेरेही लिनक्सवर पुष्कळदा चालतात.

== मेमरी कार्ड आणि फाइल प्रणाली ==

कॅमेरा थेट जोडता येत नसल्यास कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालणे हा सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आहे. यात कार्डाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो.

* एसडी: २ गिगाबाइटपर्यंत, फॅट१६ फाइल प्रणाली. विंडोज ९५ पासूनच्या प्रणालींना ही फाइल प्रणाली वाचता येते.
* एसडीएचसी: २००६ पासून, ३२ गिगाबाइटपर्यंत, फॅट३२ फाइल प्रणाली. फॅट३२ चा आधार विंडोज ९५ च्या १९९६ मधील सुधारित आवृत्तीपासून आहे.
* एसडीएक्ससी: २००९ पासून, २ टेराबाइटपर्यंत, एक्सफॅट फाइल प्रणाली. विंडोज ९८, एमई आणि २००० या प्रणालींत तिला आधार नाही.

एसडी आणि एसडीएचसी कार्डे दिसायला सारखीच असली तरी त्यांच्यातील पत्ता देण्याची रीत वेगळी आहे. जुन्या कार्डात प्रत्येक बाइटला, तर एसडीएचसीमध्ये ५१२ बाइटच्या गटाला क्रमांक दिला जातो. त्यामुळे २००६ पूर्वीचा कार्ड रीडर एसडीएचसी कार्ड सहसा वाचू शकत नाही, मग संगणकाची प्रणाली कोणतीही असो. लॅपटॉपच्या अंगभूत खाचेसाठी विंडोज एक्सपीला स्वतंत्र सुधारणा बसवावी लागत असे. नवा यूएसबी कार्ड रीडर वापरल्यास ही अडचण बहुधा दूर होते. एक्सफॅटसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीकरिता २००९ मध्ये अद्यतन दिले; मॅकवर हा आधार २०१० मध्ये १०.६.५ या आवृत्तीत आला.

=== स्वरूपणाची सूचना ===

अनोळखी फाइल प्रणालीचे कार्ड घातल्यावर जुनी विंडोज प्रणाली ‘कार्ड वाचता येत नाही’ असे न सांगता, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का?’ अशा आशयाची विचारणा करते. कार्ड प्रत्यक्षात सुस्थितीत असते. प्रणालीला त्याची रचना कळत नाही, एवढेच. या वेळी होकार दिल्यास कार्डावरील फाइलींची नोंद पुसली जाते आणि छायाचित्रे परत मिळवण्यासाठी विशेष सॉफ्टवेअरची गरज भासते. त्यातही यशाची खात्री नसते. म्हणून अशी विचारणा नाकारून कार्ड दुसऱ्या संगणकावर तपासणे श्रेयस्कर असते. एसडी कार्डाच्या कडेची लहान कळ ‘लॉक’ स्थितीत सरकवल्यास बहुतेक रीडरमध्ये कार्डावर काही लिहिले जाऊ शकत नाही.

== फाइलींची नावे व स्वरूपे ==

कॅमेऱ्यातील फोल्डर व फाइलींची रचना जपानमध्ये १९९८ साली ठरलेल्या डीसीएफ या मानकानुसार असते. कार्डावर डीसीआयएम हे मुख्य फोल्डर, त्यात तीन अंकांनी सुरू होणारी उपफोल्डरे आणि त्यांत चार अक्षरे व चार अंक अशा नावांच्या फाइली ही त्याची मांडणी. आठ अक्षरांच्या या मर्यादेमुळे फाइलींची नावे एमएस-डॉसच्या काळातील प्रणालींनाही वाचता येतात.

जेपेग हे स्वरूप १९९२ पासून प्रमाणित असल्याने नव्या कॅमेऱ्यातील जेपेग फाइल जुन्या प्रणालीवर तत्त्वतः उघडते. खरी अडचण स्मृतीची असते. २४ मेगापिक्सेलचे, म्हणजे ६००० × ४००० बिंदूंचे छायाचित्र कार्डावर काही मेगाबाइट जागा घेते. परंतु उघडल्यावर प्रत्येक बिंदूला तीन बाइट याप्रमाणे त्याला ७२ मेगाबाइट स्मृती लागते. विंडोज ९८ च्या काळातील अनेक संगणकांत एकूण स्मृतीच ६४ किंवा १२८ मेगाबाइट असे.

रॉ स्वरूप कंपनीनुसार बदलते. कॅनॉनने २०१८ मध्ये आणलेले सीआर३ स्वरूप त्यापूर्वीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. अशा वेळी नव्या संगणकावर फाइल ॲडोबीच्या डीएनजी या २००४ मधील स्वरूपात किंवा टिफमध्ये बदलून घेतली जाते. ॲपलने २०१७ पासून आयफोनमध्ये वापरलेले एचईआयसी स्वरूपही जुन्या प्रणालींना अपरिचित आहे. चलच्चित्रांबाबत फॅट३२ मधील एका फाइलची ४ गिगाबाइटची कमाल मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

मराठी वापरकर्त्यांसाठी फोल्डरांच्या नावांचा प्रश्न वेगळा आहे. विंडोजमध्ये युनिकोडवर आधारित देवनागरीचा आधार विंडोज २००० पासून आला. त्यापूर्वी मराठी लेखनासाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेची आयएसएम किंवा श्रीलिपी यांसारखी सॉफ्टवेअर व त्यांचे स्वतंत्र टंक वापरले जात. नव्या संगणकावर देवनागरीत नाव दिलेले फोल्डर विंडोज ९८ वर नेल्यास अक्षरांच्या जागी दुसरीच चिन्हे दिसतात व काही वेळा ते उघडतही नाही. दोन्हीकडे वापरायच्या फोल्डरांना रोमन अक्षरे व अंकांत नावे देणे त्यामुळे सोयीचे ठरते.

== सुरक्षा ==

मेमरी कार्ड हे व्हायरस पसरण्याचेही माध्यम आहे. विंडोज एक्सपीमध्ये बाह्य ड्राइव्ह जोडताच त्यावरील प्रोग्राम सुरू करू पाहणाऱ्या ऑटोरन सुविधेचा गैरफायदा २००८ मध्ये आढळलेल्या कॉनफिकर या वर्मने घेतला. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये यूएसबी ड्राइव्हसाठी ही सुविधा अद्यतनाद्वारे बंद केली. ते अद्यतन नसलेले संगणक असुरक्षितच राहतात. एकच कार्ड घरचा संगणक आणि छपाईचा स्टुडिओ यांच्यात फिरत असल्यास संसर्ग दोन्ही दिशांनी होऊ शकतो.

आधार संपलेला संगणक इंटरनेटला जोडणे अधिक जोखमीचे असते. शिवाय विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला आजच्या संकेतस्थळांना आवश्यक असलेली टीएलएस १.२ ही कूटपद्धती वापरता येत नाही. परिणामी छायाचित्रे उतरली तरी ती त्या ब्राउझरमधून सहसा ऑनलाइन साठवता येत नाहीत.

== प्रचलित उपाय ==

* कॅमेऱ्यात शक्य असल्यास ३२ गिगाबाइट किंवा त्याहून कमी क्षमतेचे कार्ड वापरणे आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करणे.
* कॅमेऱ्याऐवजी मास स्टोरेज पद्धतीचा कार्ड रीडर जोडणे.
* नव्या संगणकाचा मध्यस्थ म्हणून उपयोग करून छायाचित्रे लहान आकारात, जेपेग स्वरूपात जुन्या संगणकाकडे सीडी किंवा पेन ड्राइव्हने पाठवणे.
* जुना संगणक सीडी किंवा पेन ड्राइव्हवरील लिनक्सने सुरू करणे. यात मूळ प्रणालीला धक्का लागत नाही.
* विशिष्ट जुने सॉफ्टवेअर अपरिहार्य असल्यास नव्या संगणकावर आभासी यंत्रात जुनी प्रणाली चालवणे.

कोणताही मार्ग निवडला तरी क्रम सारखाच असतो: आधी नक्कल करणे, फाइलींची संख्या व आकार पडताळणे, दुसऱ्या माध्यमावर आणखी एक प्रत ठेवणे आणि त्यानंतरच कार्ड रिकामे करणे. नकलण्याऐवजी फाइली हलवल्यास मध्येच संगणक गोठला किंवा वीज गेली तर छायाचित्रे गमावण्याची शक्यता वाढते.

== विरुद्ध दिशेची अडचण ==

जुना कॅमेरा नव्या संगणकाला जोडतानाही अशाच अडचणी येतात. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत आणि ३२-बिट प्रणालीसाठीचे ड्रायव्हर बसत नाहीत. सिरियल पोर्ट व फ्लॉपी ड्राइव्ह नव्या संगणकांतून नाहीसे झाले आहेत. फाइली हाती असतील, तर डीसीरॉ या मुक्त प्रोग्रामद्वारे क्विकटेकसारख्या कॅमेऱ्यांची छायाचित्रेही आजच्या स्वरूपात बदलता येतात. संग्रहालये, संशोधन संस्था व कौटुंबिक संग्रह यांच्या दृष्टीने जुनी प्रणाली असलेला एखादा चालू संगणक त्यामुळेच उपयुक्त ठरतो: ज्या माध्यमावर छायाचित्रे अडकली आहेत, ते वाचणारे शेवटचे साधन अनेकदा तोच असतो.

== हे सुद्धा पहा ==

* डिजिटल कॅमेरा
* ऑपरेटिंग सिस्टिम
* मेमरी कार्ड
* यूएसबी
* विंडोज एक्सपी