मुंबईंतील दान्तेची पोथी

मुंबईच्या कोट भागांतील टाऊन हॉल १८३३ सालीं बांधून पुरा झाला. त्याच्या उंच पायऱ्या चढून जाणाऱ्या मनुष्याला आंत एशियाटिक सोसायटीचा विस्तीर्ण ग्रंथसंग्रह लागतो. आणि संस्कृत, प्राकृत, फारसी पोथ्यांच्या त्या संग्रहांत इटलीचा महाकवि दान्ते याच्या काव्याची एक जुनी हस्तलिखित प्रत जतन केलेली आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें ती १८२० च्या सुमारास दिली. या देणगीचें मोल कळण्यास तीन वर्षें मागें गेलें पाहिजे. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली, तेव्हां पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी पेशव्यांच्या सैन्यानें जाळली व तींत रेसिडेंट एल्फिन्स्टन याचीं पुस्तकें आणि कागदपत्रें भस्म झालीं. ज्या गृहस्थाच्या ग्रंथांची अशी राख झाली, त्यानेंच गव्हर्नर झाल्यावर आपल्याजवळील एक अमोल पोथी सार्वजनिक संस्थेस देऊन टाकावी, हें त्याच्या राजकारणाविषयीं कोणाचें कांहींहि मत असलें तरी नमूद करण्याजोगें आहे.

दान्तेचा जन्म १२६५ सालीं फ्लॉरेन्स शहरीं झाला. तें शहर व्यापारानें धनाढ्य आणि तटांनीं पोखरलेलें होतें. दान्ते राज्यकारभारांत शिरला, १३०० सालीं दोन महिने तेथील मुख्य अधिकाऱ्यांपैकीं एक झाला, आणि दोन वर्षांनीं विरुद्ध पक्षाच्या हातीं सत्ता जातांच हद्दपार झाला. हातीं सांपडल्यास जिवंत जाळावें, अशी शिक्षा त्यास फर्माविण्यांत आली. पुढें १३२१ सालीं रॅव्हेना येथें मरण येईपर्यंत त्याला जन्मगांव दिसलें नाहीं. या वनवासांतच त्यानें आपलें काव्य रचिलें.

काव्याचा विषय मरणोत्तर प्रवास हा आहे. १३०० सालच्या ईस्टरच्या दिवसांत कवि अरण्यांत वाट चुकतो. प्राचीन रोमन कवि व्हर्जिल त्याला नरकांतून व शुद्धिपर्वतावरून नेतो, आणि स्वर्गांत बेआत्रिचे ही त्याची मार्गदर्शक होते. शंभर सर्ग, चवदा हजारांवर ओळी. आणि तीन तीन ओळींचीं कडवीं यमकांनीं अशीं गुंफलेलीं कीं मधलें एक काढल्यास सांखळीच तुटावी. नरकाचीं वर्णनें आपल्याकडे अपरिचित नाहींत. सुतकाच्या दिवसांत गरुडपुराण वाचविण्याची चाल कोंकणांत, मग तें पेण-रोह्याच्या वाटेवरील कासू असो कीं दुसरें एखादें खेडें, जुन्या घरांतून माहीत आहे. आणि महाभारताच्या शेवटीं धर्मराजालाहि नरकाचें दर्शन घडतेंच. पण पुराणांत पापाला नांव असतें, पाप्याला क्वचित्. दान्ते नांवें घेतो. तिसरा निकोलस या पोपला त्यानें खडकाच्या बिळांत, तळव्यांवर ज्वाला खेळत असलेला असा, उलटा पुरला. आणि १३०० सालीं हयात असलेल्या आठव्या बोनिफेसची जागा तेथेंच राखून ठेवली. ही हद्दपार मनुष्याची सूडबुद्धि म्हणावी, तर त्याचा आवडता गुरु ब्रुनेत्तो लातिनी हाहि नरकांतच भेटतो, आणि त्याच्याबरोबर चालतांना शिष्याची मान आदरानें लवलेली असते.

हें सारें दान्तेनें लॅटिन सोडून तस्कनीच्या लोकभाषेंत लिहिलें. मराठी वाचकाला येथें नेवाशाची आठवण होणें साहजिक आहे. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं. त्याच वर्षीं फ्लॉरेन्समध्यें बेआत्रिचे मरण पावली आणि पंचवीस वर्षांच्या दान्तेच्या आयुष्यास वेगळें वळण लागलें. आपापल्या समाजानें बाहेर टाकलेल्या, एकमेकांचें नांवहि न ऐकलेल्या दोघांनीं एकाच पिढींत पंडितांची भाषा बाजूस ठेवली. दोन्ही ग्रंथांची मूळ प्रत आज नाहीं. ज्ञानेश्वरीचा पाठ एकनाथांनीं शके १५०६ मध्यें शुद्ध केला. दान्तेच्या काव्याच्या आठशेंच्या आसपास हस्तलिखित प्रती उरल्या असून विद्वान् अजून पाठभेद लावीत आहेत. १४७२ सालीं फोलिन्यो येथें तें प्रथम छापलें गेलें. तोंपर्यंतचा प्रत्येक वाचक लेखनिकाच्या कृपेवर अवलंबून. मुंबईची प्रत जगांतील सर्वांत जुनी, असें कौतुकानें म्हटलें जातें. पण सन घातलेल्या प्रतींत तो मान पियाचेन्झा येथील १३३६ सालच्या प्रतीकडे जातो.

या काव्यांत हिंदुस्थानहि आहे. दान्तेच्या भूगोलांत यरुशलेम मध्यावर, पश्चिमेच्या टोकास स्पेन आणि पूर्वेच्या टोकास गंगा. शुद्धिपर्वतावरील प्रहर सांगतांना तो गंगेचें नांव घेतो. परंतु खरा प्रश्न स्वर्गखंडाच्या एकोणिसाव्या सर्गांत येतो. सिंधूच्या तीरीं एक मनुष्य जन्मला. ख्रिस्ताचें नांव सांगणारें त्याला कोणी भेटलें नाहीं, पण त्याचें वर्तन निष्कलंक आहे. त्याला मोक्ष नाकारला तर त्यांत न्याय कोठला? न्यायी राजांच्या आत्म्यांनीं बनलेला एक गरुड उत्तर देतो कीं, ईश्वरी न्याय मोजणारा तूं कोण? हें उत्तर मराठी वाचकाचें समाधान करणारें नाहीं, आणि कवीचेंहि पुरतें झालें नसावें; कारण तोच गरुड पुढें बजावतो कीं, ख्रिस्ताचा जयघोष करणारे कित्येकजण न्यायाच्या दिवशीं त्याला न ओळखणाऱ्यापेक्षांहि त्याच्यापासून दूर असतील. हा प्रश्न उरांत बाळगणारी एक पोथी कवीच्या मागें पांचशें वर्षांनीं सिंधुसागराच्या कांठीं येऊन राहिली.

१९३० च्या सुमारास मुसोलिनीच्या सरकारनें या प्रतीसाठीं दहा लक्ष पौंड देऊं केले व सोसायटीनें नकार दिला, ही हकीकत मुंबईंत नेहमीं सांगतात. ती ऐकणाऱ्यांचें लक्ष काव्यापेक्षां पौंडांवर अधिक जातें, हें दुर्दैव. दान्तेची वस्तु परत मागावी आणि ती न मिळावी, हें इटलींतहि घडलेलें आहे. फ्लॉरेन्सनें त्याच्या अस्थि रॅव्हेनापाशीं वारंवार मागितल्या. १५१९ सालीं पोपनें परवानगी दिली, माणसें गेलीं, आणि कबर रिकामी निघाली. मठांतील साधूंनीं अस्थि आधींच लपविल्या होत्या. त्या १८६५ सालीं एका भिंतींत सांपडल्या. हद्दपारीचा हुकूम रद्द करण्याचा ठराव फ्लॉरेन्सच्या नगरसभेनें २००८ सालीं केला. अस्थि रॅव्हेनासच आहेत, आणि तेथील समाधीवरच्या दिव्याचें तेल दरवर्षीं फ्लॉरेन्सकडून येतें.