अंतर्गृह आणि अंतःकरण

दार लावून एकांतात बसणे आज इतके स्वाभाविक वाटते की त्यालाही इतिहास असेल हे सहसा ध्यानात येत नाही. परंतु मध्ययुगीन इंग्लंडात सरदाराच्या वाड्यातसुद्धा जेवणखाण, न्यायनिवाडा, पाहुणचार आणि चाकरमाणसांची निद्रा हे सारे एकाच विशाल ‘हॉल’मध्ये, मधोमध पेटलेल्या आगटीभोवती चाले. सोळाव्या शतकात भिंतीतील चुली आणि धुराडी वाढली, निरनिराळ्या खोल्या उबदार झाल्या, आणि यजमानाचे कुटुंब त्या गर्दीतून मागे सरले. मागे सरण्याची, ‘विथड्रॉ’ करण्याची, जी खोली तीच ‘विथड्रॉइंग रूम’, आणि आरंभीचे अक्षर झडून उरलेली ‘ड्रॉइंग रूम’. आपला दिवाणखाना दरबारी कारभारातून घरात आला. ही खोली मात्र कारभाराकडे पाठ फिरवूनच जन्मली.

तिच्याही आत असे ‘क्लॉझेट’: पुस्तके, दस्तऐवज आणि उपासना यांसाठी राखलेली, दार बंद करता येणारी लहान खोली. १६११ च्या इंग्रजी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानातील एकांतप्रार्थनेच्या उपदेशात, हाच शब्द योजलेला आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास रॉजर प्रॅटने कोल्सहिल येथील वाड्यात लांब मार्गिका आणि नोकरांचे मागचे जिने ठेवले, तेव्हा दुसऱ्याची खोली न ओलांडता आपल्या खोलीत जाण्याची सोय झाली. अशा घरांच्या काळात, १६९० सालच्या आपल्या ग्रंथात, जॉन लॉकने मनाला बारीक झरोक्यांच्या अंधाऱ्या क्लॉझेटची उपमा दिली आणि मेंदूला, जेथे इंद्रिये वर्दी घेऊन येतात, त्या भेटीच्या दालनाची. मनाचे वर्णन करण्यास घराचा नकाशा असा उपयोगी पडला.

भावनेचे शब्द मात्र बाहेरून, थेट राजकारणातून आले. ‘कम्फर्ट’चे मूळ लॅटिनमधील, बळ देणे या अर्थाचे; तिसऱ्या एडवर्डच्या १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्याने शत्रूला ‘कम्फर्ट’ देणे, म्हणजे पाठबळ पुरविणे, हा गुन्हा ठरविला. तोच शब्द अठराव्या शतकात आरामखुर्चीत विसावला, आणि जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत उबदार खोली व निश्चिंत मन या दोहोंना सारखाच लागू पडू लागला. ‘इमोशन’चे कूळ याहून दांडगे: रिचर्ड नोल्सने १६०३ मध्ये तुर्कांच्या इतिहासात तो लोकांच्या स्थलांतराविषयी वापरला, आणि प्रजेतील दंगाबखेड्यालाही हीच संज्ञा असे. एडिंबरोच्या टॉमस ब्राउनची मनोविषयक व्याख्याने १८२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ही संज्ञा मानसशास्त्रीय वर्ग म्हणून प्रस्थापित झाली.

यावरून पूर्वीच्या माणसांना हर्षशोक नव्हते असे म्हणणे अविचाराचे होईल. त्यांना लाभला नव्हता तो ते न्याहाळण्याचा आडोसा, आणि लाभला तोही प्रथम जागा परवडणाऱ्यांना. म्हणूनच सॅम्युएल रिचर्डसनच्या १७४० च्या ‘पामेला’चे महत्त्व आगळे. तिची नायिका पंधरा वर्षांची मोलकरीण. ती क्लॉझेटमध्ये बसून आईबापांना आपले मन लिहून कळविते, आणि मालक क्लॉझेटात लपतो, तिची पत्रेही हस्तगत करतो. घर त्याचे, खोली त्याची, वेतनही त्याचे; तरी त्या पत्रांतील भावनांवर त्याचा अधिकार नाही, असा दावा एका चाकर मुलीच्या लेखणीतून इंग्रजी वाचकांपुढे मांडला गेला, तेव्हा अंतःकरणाची ही शब्दसंपत्ती घरमालकांची मिरास राहिली नाही.